पेटवून न पाहिलेली मोटर

बॉयलर आणि दाबाच्या टाक्यांवरच्या वेल्डिंगचे एक्स-रे वाचणं हे माझं बावीस वर्षांचं काम. खोलीतले दिवे मालवायचे, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यायची आणि मग उजेडाच्या पेटीवर फिल्म लावायची. वेल्डिंग बघण्याआधी शेजारच्या तारा बघायच्या. एक्स-रे काढताना एकीपेक्षा एक बारीक अशा तारा मुद्दाम ठेवलेल्या असतात. त्यांतली ठरलेली तार उमटली असेल तर फिल्म वाचण्याजोगी, नाही तर पुन्हा काढायची. मग त्या करड्या पट्ट्यावरून नजर हळूहळू सरकवायची. वायूचा बुडबुडा गोल दिसतो. आत अडकलेली मळी वेडीवाकडी दिसते. तडा मात्र फसवतो. किरण तड्याच्या फटीच्या रेषेत गेला तरच तो काळी बारीक रेघ होऊन उमटतो. किरण तिरपा पडला, की तडा धातूत असतो आणि फिल्मवर नसतो.

एकदा मी एक फिल्म पास केली आणि सही केली. चार दिवसांनी त्या टाकीची पाण्याच्या दाबाची चाचणी झाली. टाकी पाण्याने भरतात, पुढे वापरात येणार त्याहून जास्त दाब देतात आणि वाट बघतात. मी पास केलेल्या जोडावर पाण्याचा एक थेंब आला. पुसला, पुन्हा आला. वेगळ्या कोनातून नवी फिल्म काढली तेव्हा तिच्यावर केसाएवढी रेघ होती. टाकी दुरुस्त झाली, कोणाला इजा झाली नाही. पण तो थेंब मी विसरलेलो नाही. माझ्या नजरेच्या मागे पाणी उभं होतं, म्हणून माझी चूक तिथल्या तिथे पकडली गेली.

पुढे काही वर्षांनी घन इंधनाच्या रॉकेट मोटरांविषयी वाचताना कळलं, की त्यांचेही असेच एक्स-रे काढतात, आणि तिथे शेवटी पाणी नसतं. त्या दिवसापासून हा विषय मला सोडत नाही.

द्रव इंधनावर चालतं ते इंजिन आणि घन इंधनावर चालते ती मोटर, असं या क्षेत्रात म्हणतात. द्रव इंधनाचं इंजिन चाचणीच्या मंचावर बांधून पेटवता येतं, बंद करता येतं, उघडून बघता येतं आणि तेच इंजिन मग रॉकेटला लावता येतं. घन मोटर पेटवून पाहिली की ती संपली. तिचं रिकामं कवच पाण्याच्या दाबाने तपासतात, ते खरं. पण त्यात इंधन भरल्यावर, ते घट्ट बसल्यावर, जी मोटर तयार होते ती पेटवून बघण्याची सोयच नाही. पेटवतात त्या तिच्या भावंडांना. त्याच रसायनाच्या, त्याच साच्याच्या दुसऱ्या मोटरा जमिनीवर जाळून बघतात आणि त्या नीट जळल्या म्हणून हीसुद्धा नीट जळेल असं मानतात. जी उडते ती कधीच पेटलेली नसते.

घन मोटर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रॉकेटच्या दोन्ही बाजूंना बांधलेले प्रचंड बूस्टर येतात. माझा जीव अडकलाय तो वरच्या टोकाला, यानाच्या पोटाखाली बसलेल्या छोट्या मोटरांत. खालचे टप्पे सगळा गाजावाजा करून गळून पडतात, आणि मग जमिनीपासून शेकडो किलोमीटर वर, हवा नसलेल्या जागी, यानाला शेवटचा धक्का द्यायला ही एकटी उरते. स्टार ४८ हे त्यांतलं सर्वांत परिचित नाव. त्यातला ४८ हा इंचांतला व्यास, म्हणजे जेमतेम सव्वा मीटर. टायटॅनियमचं, जवळजवळ गोल कवच. कवच गोल, कारण कमीत कमी धातूत जास्तीत जास्त माल मावतो तो गोलातच. आत सुमारे २००० किलो इंधन, आणि रिकाम्या मोटरचं वजन सव्वाशे किलोंच्या आसपास. दर १०० किलोंत जवळजवळ ९४ किलो जळून जाणारं आणि सहाच किलो मागे राहणारं! ज्याने आयुष्यभर जाड पत्र्याच्या टाक्या बघितल्या, त्याला हा आकडा वाचून काही क्षण गप्प बसावंसं वाटतं.

आतल्या इंधनाच्या घट्ट गोळ्याला इंग्रजीत ‘ग्रेन’ म्हणतात, म्हणजे दाणा. दोन टनांचा दाणा. मला हा शब्द फार आवडतो, म्हणून इथे मी तोच वापरणार आहे. दाण्याचा मोठा भाग, साधारण ७० टक्के, अमोनियम परक्लोरेटचा. जळायला लागणारा ऑक्सिजन तो देतो. १६ ते १८ टक्के ॲल्युमिनियमची बारीक पूड. उरलेलं रबर, ज्याला एचटीपीबी म्हणतात. ते सगळ्याला धरून ठेवतं आणि स्वतःही जळतं. हे मिश्रण घट्ट डांबरासारखं असताना हवा काढून टाकलेल्या जागी कवचात ओततात, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. मधोमध एक साचा उभा केलेला असतो. कित्येक दिवस ऊब देऊन रबर घट्ट झालं की साचा ओढून काढतात, आणि दाण्याच्या पोटात त्या साच्याच्या आकाराची पोकळी उरते.

ही पोकळी म्हणजे मोटरचं सगळं नशीब. आग पोकळीच्या भिंतीवर लागते आणि भिंतीला काटकोनात आत सरकत जाते, सेकंदाला काही मिलिमीटर. जितकी भिंत उघडी, तितका वायू, तितका दाब, तितका जोर. पोकळी साधी गोल असेल तर जळता जळता ती रुंदावते आणि जोर वाढत जातो. पोकळीचा छेद चांदणीसारखा केला, तर टोकं झिजत जातात आणि मधली जागा वाढत जाते, आणि दोन्हींचा मेळ बसून जोर बराचसा सारखा राहतो. म्हणजे उड्डाणाच्या चाळिसाव्या सेकंदाला किती जोर हवा हा निर्णय तो साचा घडवणाऱ्याने कित्येक महिने आधी घेतलेला असतो. तिथे झडप नाही, पंप नाही, कमी-जास्त करायला काही नाही. काही क्षेपणास्त्रांच्या मोटरांना पुढच्या बाजूने झाकणं उडवून दाब एकदम घालवायची सोय असते. यानांना शेवटचा धक्का देणाऱ्या या मोटरा मात्र पेटल्या की पूर्ण जळूनच थांबतात.

आता या दाण्याला तडा गेला तर काय होईल ते बघा. तडा म्हणजे दोन नव्या भिंती. आग फटीत शिरली की जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, पृष्ठभाग वाढला की दाब वाढतो, आणि दाब वाढला की जळण्याचा वेगही वाढतो. कवच किती सहन करणार याला मर्यादा आहे. तशीच दुसरी भीती दाणा कवचाच्या अस्तरापासून सुटण्याची. घट्ट झाल्यानंतर गार होताना रबर आकसतं, कवच तितकं आकसत नाही, आणि ओढाताण होते ती जोडावर. तिथे कागदाएवढी फट पडली तरी आग वेळेआधी कवचापर्यंत पोचू शकते. माझ्या वेल्डिंगमध्ये तडा म्हणजे गळती. इथे तडा म्हणजे एक जास्तीची भट्टी.

तड्याची ही भीती या विद्येच्या जन्मापासूनची आहे. १९४२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथे जॅक पार्सन्सने दाबून भरलेली पूड सोडून डांबर आणि पोटॅशियम परक्लोरेट वितळवून ओतलं. ओतून बनवलेल्या दाण्याची ती सुरुवात. पण डांबर थंडीत तडकतं आणि उन्हात वाहतं. काही वर्षांनी तिथल्याच जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत चार्ल्स बार्टलीने थायोकॉल हे कृत्रिम रबर वापरून पाहिलं. रबर लवचीक, कवचाला चिकटून राहणारं, ताण आला तर तुटण्याऐवजी ताणलं जाणारं. ज्या कंपनीचं ते रबर होतं ती पुढे रॉकेट मोटरांची मोठी कंपनी झाली, आणि स्टार मोटरा तिच्याच. आज एवढ्या घन मोटरा विश्वासाने उडतात त्याचं मोठं श्रेय मी त्या रबराला देतो. जोर देणारं रसायन शोधणं कौतुकाचं आहेच, पण न तडकणारं काहीतरी शोधणं मला जास्त मोठं वाटतं. हा माझ्या धंद्याचा पक्षपात असेल, असो.

या मोटरांच्या कहाण्यांपैकी माझी सर्वांत आवडती सर्व्हेयर यानांची. १९६६ मध्ये सर्व्हेयर १ चंद्रावर अलगद उतरलं. त्याच्या पोटाखाली ३७ इंचांची गोल घन मोटर होती, वेग मारायला. यान सेकंदाला सुमारे २६०० मीटर वेगाने चंद्रावर कोसळत होतं. मोटर कधी पेटवायची हे ठरवणारा रडार कुठे बसवला होता? त्याच मोटरच्या नॉझलच्या, म्हणजे वायू बाहेर पडतात त्या शंकूच्या, तोंडात. रडारने उंची मोजली, इशारा दिला, आणि साधारण ७५ किलोमीटर उंचीवर मोटर पेटताच तिच्या वायूंनी तो रडारच बाहेर फेकून दिला. त्याचं काम झालं होतं. पुढच्या ४० सेकंदांत वेग सेकंदाला शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत उतरला, जळून रिकामी झालेली मोटर सोडून दिली गेली, आणि उरलेलं काम छोट्या द्रव इंजिनांनी केलं. घन मोटरने ढोबळ काम करायचं आणि नाजूक काम द्रव इंजिनांनी, ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

पण जुलै १९६७ मध्ये तीच मोटर घेऊन सर्व्हेयर ४ उतरत होतं. उतरायला अडीच मिनिटं उरली असताना, मोटर जळून संपत आली असताना, संदेश थांबला. तो पुन्हा आला नाही. मोटर फुटली असावी, अशी एक शक्यता मांडली गेली. माझ्याकडे निदान पाण्याचा थेंब होता. त्यांच्याकडे तुटलेल्या संदेशाची एक पट्टी.

त्याआधीची गोष्ट, ३१ जानेवारी १९५८ ची. एक्सप्लोरर १ हा अमेरिकेचा पहिला उपग्रह अवकाशात गेला तो छोट्या घन मोटरांच्या जुडग्यावर: दुसऱ्या टप्प्यात ११, तिसऱ्यात ३, चौथ्यात १. सगळ्या मोटरा हुबेहूब सारख्या जळतील याची खात्री नव्हती, म्हणून ते सगळं जुडगं एका पिंपात बसवून उड्डाणाच्या आधीच गरगर फिरवायला सुरुवात केली होती. एखादी मोटर कमी-जास्त जळली तरी फिरण्यामुळे तिचा तिरपेपणा सगळीकडे वाटला जाई. स्वतःला वळवू न शकणाऱ्या मोटरेला स्थिर ठेवायचा हा सोपा मार्ग पुढे कित्येक वर्षं टिकला.

मोटर जळून संपली असं आपण म्हणतो, पण तीही कधी कधी पूर्ण संपलेली नसते. जपानने सप्टेंबर १९६९ मध्ये लॅम्डा-४एस हे रॉकेट चौथ्यांदा उडवलं. तिसरा टप्पा जळून वेगळा झाला, पण त्यात थोडा जोर उरला होता. त्या उरलेल्या जोराने तो मागून येऊन चौथ्या टप्प्यावर आदळला. पुढच्याच प्रयत्नात, ११ फेब्रुवारी १९७० ला, ओसुमी हा जपानचा पहिला उपग्रह कक्षेत गेला, सगळे टप्पे घन इंधनाचेच. भारताचं एसएलव्ही-३ सुद्धा चारही टप्पे घन असलेलं. १८ जुलै १९८० ला त्याने रोहिणी हा उपग्रह कक्षेत नेला. त्याच्या चौथ्या टप्प्याची मोटर पुढच्या वर्षी ॲपल उपग्रहाला त्याच्या उंच कक्षेत ढकलायला वापरली गेली. एका रॉकेटच्या डोक्यावरची मोटर दुसऱ्या उपग्रहाच्या पोटात!

भावंडांच्या साक्षीवर विसंबण्याची बाब मी वर सांगितली. ही साक्ष दोन्ही बाजूंनी लागू पडते, हे फेब्रुवारी १९८४ मध्ये दिसलं. चॅलेंजर शटलमधून वेस्टार ६ हा उपग्रह सोडला गेला. त्याला वर नेणारी मोटर पेटली आणि लवकरच तिचं नॉझल निकामी झालं. कार्बनच्या धाग्यांनी बांधलेल्या कार्बनचा तो शंकू तुटला होता. उपग्रह नको त्या कक्षेत अडकला. तीन दिवसांनी पालापा बी२ सोडला, त्याच प्रकारच्या मोटरवर, आणि तेच पुन्हा घडलं. त्या तीन दिवसांतल्या चर्चांचा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे. एक मोटर बिघडली म्हणजे तिच्यातच खोट, की सगळ्या घराण्यात? समोर फक्त एक उदाहरण असताना हे कसं सांगायचं? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अंतराळवीरांनी दोन्ही उपग्रह हातांनी धरून परत आणले आणि १९९० मध्ये ते पुन्हा वर गेले. पण जी कसोटी जमिनीवर लागू शकत नव्हती, ती दोन वेळा वर लागली होती.

१८ मे २०२५ ला भारताच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे घन मोटरीत, जळताना दाब कमी झाला आणि उपग्रह गेला. अनेक वर्षं बिनतक्रार चाललेला टप्पा तो. बातमीतला ‘दाब’ हा एक शब्द वाचला आणि मी कितीतरी वेळ वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही.

कंटूर या यानाची कथा मात्र मी पुन्हा पुन्हा वाचतो. धूमकेतू बघायला निघालेलं हे यान जुलै २००२ मध्ये उडालं आणि आधी पृथ्वीभोवतीच फिरत राहिलं. स्टार ३० ही घन मोटर यानाच्या पोटात, आतच बसवलेली. १५ ऑगस्टला ती पेटायची होती, सुमारे ५० सेकंद. त्या वेळात यानाचा संदेश ऐकण्याची व्यवस्था केलेली नव्हती. मोटर जळून झाल्यावर संदेश यायचा होता. तो आला नाही. दुर्बिणींना त्या मार्गावर एकाऐवजी तीन ठिपके दिसले. चौकशी समितीला ठाम कारण देता आलं नाही. सर्वांत संभवनीय म्हणून त्यांनी सांगितलं ते असं, की नॉझल यानाच्या आत खोल असल्यामुळे झोताच्या उष्णतेने यानाचाच सांगाडा कमजोर होऊन तुटला. मोटर बहुधा नीटच जळली होती. तिच्याभोवतीचं घर टिकलं नाही. आणि समितीने आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं: आधीच्या यानांशी असलेल्या साधर्म्यावरून सगळं ठीक आहे असं धरून चालणं. हे वाचताना मला तो थेंब आठवला. मीही त्या दिवशी जोडाकडे बघितलं होतं ते आधीच्या शंभर चांगल्या जोडांच्या सवयीने.

याच्या शेजारी मॅजेलन हे यान ठेवावंसं वाटतं. ते मे १९८९ मध्ये निघालं आणि १० ऑगस्ट १९९० ला शुक्राजवळ पोचलं. शुक्राभोवती फिरायचं तर वेग कमी करायला हवा, आणि त्यासाठी त्याच्याकडे होती स्टार ४८. ती मोटर पंधरा महिने अंतराळात न पेटता पडून होती, एका बाजूने ऊन खात, दुसऱ्या बाजूने गारठत. आकसणारं रबर, अस्तराचा जोड, हे सगळं डोक्यात असलेल्या माणसाला तो पंधरा महिन्यांचा काळ फार मोठा वाटतो. शेवटी ती पेटायची वेळ आली तेव्हा यान शुक्राच्या मागे होतं. पृथ्वीवरून काही दिसणार नाही, ऐकू येणार नाही. दीड मिनिटाच्या आत दोन टन इंधन जळून जाणार होतं, आणि ते जळलं की नाही हे यान दुसऱ्या बाजूने बाहेर आल्यावरच कळणार होतं. ते बाहेर आलं, ठरलेल्या कक्षेत. मग दोन वर्षं त्याने रडारने शुक्राचा ढगांखालचा चेहरा काढला.

घन मोटर उधारी करत नाही, हे व्हॉयेजर १ च्या वेळी दिसलं. १९७७ मधल्या त्या उड्डाणात टायटन या रॉकेटचा टप्पा कमी पडला. त्याच्या वरच्या, द्रव इंधनावरच्या सेंटॉर या टप्प्याने जास्त वेळ जळून ती तूट भरून काढली. त्याच्या टाकीत शेवटी ३.४ सेकंदांपुरतं इंधन उरलं होतं. त्यानंतर पेटलेल्या घन मोटरेजवळ स्वतःचे ४३ सेकंद होते, एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

१९ जानेवारी २००६ ला न्यू होरायझन्स प्लूटोकडे निघालं. सर्वांत वर स्टार ४८ होती. यान आणि मोटर मिळून मिनिटाला ६८ च्या आसपास फेऱ्या घेत होती, मोटर साधारण ८४ सेकंद जळली, आणि यान सेकंदाला १६ किलोमीटरहून अधिक वेगाने पृथ्वीपासून सुटलं. नऊ तासांत ते चंद्राची कक्षा ओलांडून गेलं. यानापासून वेगळी झालेली ती रिकामी मोटरही मागे राहिली नाही. तिलाही तोच वेग मिळाला होता, आणि तीही सूर्यमालेबाहेर चालली आहे. सव्वा मीटरचं टायटॅनियमचं गोल कवच, आतून जळून काळं झालेलं, त्यात ना अँटेना ना दिवा.

तिचेही एक्स-रे काढले गेले असणार. कोणीतरी अंधाऱ्या खोलीत बसून त्या करड्या पट्ट्यांवरून नजर सरकवली असणार, दाणा आणि अस्तर यांच्यामधली रेघ नीट बघितली असणार, खाली सही केली असणार. तो माणूस कधी भेटला तर मला त्याला एकच विचारायचं आहे: ती ८४ सेकंद चालू असताना तुम्हाला कोणती फिल्म आठवत होती?